घरचा कॉम्प्युटर बंद पडला तर…

कॉम्प्युटर सुरू होईनासा झाला की कुणीतरी लगेच सांगतं, "विंडोज पुन्हा टाक." एवढं मात्र आधी करू नका. विंडोज केव्हाही पुन्हा मिळेल, पण ते टाकताना मुंजीचे फोटो पुसले गेले तर ते परत मिळतीलच असं नाही.

आधी आवाज ऐका. डिस्क टकटक करत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा सुरू करून पाहू नका. ते काम डेटा काढून देणाऱ्या तज्ज्ञांचं, आणि चांगलंच खर्चिक. आवाज नसेल तर बऱ्याचदा डिस्क शाबूत असते, बिघडलेलं असतं ते विंडोज.

अशा वेळी रेस्क्यू डिस्क कामाला येते. पूर्वी ही फ्लॉपी किंवा सीडी असे, आता १६ जीबीचा यूएसबी ड्राइव्ह पुरतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर उबुंटू लिनक्स (फुकट मिळतं) उतरवून घ्या आणि रूफससारख्या प्रोग्रामने त्या ड्राइव्हवर चढवा. नुसती फाइल कॉपी करून चालत नाही. ड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं. मग बिघडलेला कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा. डेलवर त्यासाठी सुरुवातीलाच एफ१२ दाबतात. 'इन्स्टॉल' नव्हे, 'ट्राय' निवडा, आणि आपल्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. दुरुस्ती त्यानंतर.

एक अडचण येऊ शकते. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकरचं कुलूप असतं आणि ४८ आकडी किल्लीशिवाय ते उघडत नाही. ही किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच ती कागदावर लिहून ठेवा. विंडोजचा स्वतःचा रिकव्हरी ड्राइव्हही करून ठेवावा, पण त्यात तुमचे फोटो-कागदपत्रं येत नाहीत. इथेच अनेकजण फसतात.

आमच्याकडे बॅकअप होता. फोटो सगळे आले. आईने टाइप केलेल्या पाककृती उघडल्या, तर पुरणपोळीच्या जागी रोमन अक्षरांची खिचडी! शिवाजी, किरण असे जुने फॉन्ट युनिकोडचे नव्हते. फॉन्ट नसला तर मजकूर वाचता येत नाही. फॉन्ट गेला होता जुन्या डिस्कबरोबर. शेवटी मंडळाच्या जुन्या दिवाळी अंकाच्या सीडीवर तो सापडला. तेव्हा 'फॉन्ट्स' फोल्डरसुद्धा कॉपी करा, आणि सवड काढून असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या.

बॅकअप अधूनमधून उघडून पाहावा. १९९८ साली कॅलिफोर्नियात पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' च्या बहुतेक फायली चुकीच्या कमांडने पुसल्या गेल्या, आणि बॅकअप नीट होतच नव्हता हे तेव्हा कळलं. तान्ह्या बाळामुळे घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती, तिने सिनेमा तारला. एवढ्या मोठ्या स्टुडिओची ही गत!

वनड्राइव्हसारखं सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलेली फाइल तिथूनही जाते, आणि कचरापेटीतली मुदत संपली की कायमची. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आम्ही डिसेंबरमध्ये भारतात जातो तेव्हा एक डिस्क पुण्याला मामाकडे ठेवतो आणि आदल्या वर्षीची परत आणतो. चिवड्याच्या डब्याशेजारी ती सहज मावते.