वाडे पाहिले, एक राहिला

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या वन्सं सोलापूरहून आल्या होत्या. बरोबर त्यांची सहावीतली मुलगी. "मामी, मला पेशव्यांचा वाडा दाखव ना," असा तिचा हट्ट. आपण पुणेकर बायका मंडईला जाता-येता शनिवारवाड्याचा दरवाजा पाहतो, पण आत पाऊल क्वचितच पडते. तेव्हा सकाळीच स्वयंपाक उरकून आम्ही तिघी निघालो.

दिल्ली दरवाज्यावरचे अणकुचीदार खिळे पाहून पोरगी हरखली. हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून ते ठोकलेले. पण आत शिरल्यावर इकडेतिकडे बघून म्हणाली, "मामी, वाडा कुठे आहे?" तिचे काय चुकले? थोरल्या बाजीरावांनी १७३० साली पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत केली, आणि फेब्रुवारी १८२८ मध्ये सारे जळून गेले. उरले ते तट, दरवाजे, नगारखाना आणि रिकामी जोती. १७७३ साली नारायणरावांचा खून इथेच झाला, हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली आला.

जवळच लालमहाल. जिजाऊंनी शिवबांना वाढवले ते इथे, आणि १६६३ साली महाराजांनी शाहिस्तेखानावर छापा घातला तोही इथेच. आजची इमारत मात्र मूळची नव्हे, गेल्या शतकात महानगरपालिकेने उभारलेली आहे.

पुढे तुळशीबागेत रामाचे दर्शन घेतले. तिथल्या गर्दीत वन्संनी बांगड्या घेतल्या, भाचीने भातुकली घेतली. मग बाजीराव रस्त्यावरचा विश्रामबागवाडा पाहिला. दुसऱ्या बाजीरावांचा हा वाडा. सुरूच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब बघत राहावेत असे! पेशवाई गेल्यावर १८२१ साली इंग्रजांनी इथे संस्कृत पाठशाळा काढली. तीत ब्राह्मण मुलगेच शिकत. "आणि मुली?" भाचीने विचारले.

उत्तर मी तिथे दिले नाही. परतताना दगडूशेठ गणपतीला हात जोडले आणि समोरची जागा तिला दाखवली. तिथे भिडेवाडा होता. ना तट, ना नगारखाना, साधा राहता वाडा. १८४८ साली जोतीराव फुल्यांनी त्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. शाळेत जाताना लोक त्यांच्या अंगावर शेण-चिखल टाकीत, आणि त्या तरीही शिकवायला जात. तो वाडा पुढे मोडकळीस आला आणि राष्ट्रीय स्मारकासाठी डिसेंबर २०२३ मध्ये पाडला गेला.

"म्हणजे हाही वाडा नाहीच!" ती हिरमुसून म्हणाली.

मी म्हटले, "अगं, शनिवारवाडा गेला, त्याची जोती राहिली. हा वाडा गेला, पण त्यातली शाळा गेली नाही. तू रोज दप्तर घेऊन जातेस ना, ती हीच शाळा."

भगिनींनो, सातवी झाल्यावर माझी शाळा सुटली. पण त्या सात यत्तांच्या बळावरच आज चार ओळी लिहीत आहे. पाहुण्यांना पुणे दाखवाल तेव्हा वाडे जरूर दाखवा, तुळशीबागही दाखवा. पण बरोबर मुलगी असेल तर क्षणभर त्या जागेपाशी थांबा आणि तिथे काय झाले ते तिला सांगा.