ज्येवांचून गणित

आमच्या कासूच्या स्टेशनावरून गाडी नागोठण्यावरून रोह्यास जाते. रोह्याहून समुद्राच्या बाजूस गेलें म्हणजे मुरुड तालुक्याच्या किनाऱ्यावर नांदगांव लागतें. पांचशें वर्षांपूर्वीं त्या गांवीं गणेश दैवज्ञ नांवाचे थोर ज्योतिषी होऊन गेले. शके १४४२, म्हणजे इ. स. १५२०, हें आरंभवर्ष धरून त्यांनीं ‘ग्रहलाघव’ रचला. हा करणग्रंथ आहे. म्हणजे उपपत्तीच्या खोलांत न शिरतां पंचांगाचें गणित कसें करावें तें सांगणारा. महाराष्ट्रांतील पंचांगें पुढें कित्येक पिढ्या याच ग्रंथावर चाललीं. आणि म्हणूनच, आयत्या कृति हातीं देऊन या ग्रंथानें जोशांना सिद्धांताचा अभ्यास सोडावयास लावला, असा आक्षेपही त्यावर घेतला जातो. आजचे संगणक साइन, गॅमा इत्यादि फलनें कशीं काढतात हें वाचीत असतां मला त्या आक्षेपाचा नव्यानें विचार करावासा वाटला.

एखादी संख्या दिली असतां ठराविक नियमानें जी दुसरी संख्या निघते तिला फलन म्हणतात. कोनाची ज्या, जिला आपण शाळेंत साइन म्हणतों, तें असेंच एक फलन. परंतु कोणत्याही कोनाची ज्या थोड्याशा बेरजा-गुणाकारांनीं नेमकी हातीं लागत नाहीं. आर्यभटांनीं इ. स. ४९९ मध्यें पावणेचार अंशांच्या अंतरानें २४ ज्यांचें कोष्टक दिलें. मधल्या कोनाची ज्या त्रैराशिकानें काढावयाची. धूळपाटीवर हें काम प्रत्येक ग्रहासाठीं पुनःपुन्हा करणाऱ्या जोशीबुवांची काय दशा होत असेल याची कल्पना करावी!

गणेश दैवज्ञांनीं ही ज्याच ग्रंथांतून काढून टाकली. सूर्याच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानांत जो फरक पडतो त्याला मंदफल म्हणतात, आणि तें ज्येवरून काढावयाचें असतें. त्यासाठीं त्यांची कृति अशी. भुजाच्या अंशांना ९ नें भागावें. तो भागाकार २० मधून वजा करून बाकीला त्याच भागाकारानें गुणावें. या गुणाकाराचा नववा हिस्सा ५७ मधून वजा करावा, आणि जें उरेल त्यानें गुणाकाराला भागावें. श्रोत्यांनीं कागदावर ९० अंश घेऊन पाहावें. भागाकार १०, विसांतून गेले १०, गुणाकार १००. त्याचा नववा हिस्सा सुमारें ११.११, तो सत्तावन्नांतून गेला म्हणजे ४५.८९. शंभराला त्यानें भागलें कीं २ अंश १० कला ४५ विकला, हें सूर्याचें परम मंदफल. आतां ३० अंश घेतले तर या कृतीनें १ अंश ५ कला ३५ विकला येतात. खरी ज्या घेऊन काढलें तर सुमारें १२ विकला कमी येतात. एवढें अंतर चालावयास सूर्याला पांचेक मिनिटें लागतात. ज्या नाहीं, कोष्टक नाहीं, आणि चूक एवढीच!

या युक्तीचें मूळ गणेश दैवज्ञांच्या पूर्वींचें आहे. सातव्या शतकांतील पहिल्या भास्करांनीं, म्हणजे लीलावतीकार नव्हेत, तशीच एक रीत दिलेली आहे. अंशांना १८० मधील बाकीनें गुणावें. त्या गुणाकाराच्या चौपटीला ४०५०० वजा तो गुणाकार यानें भागावें. ३० अंशांस बरोबर अर्धा येतो. ४५ अंशांस ०.७०५९ येतो, खरा ०.७०७१.

पण माझ्या मतें ग्रहलाघवाचें खरें बुद्धिचातुर्य दुसरीकडेच आहे. ग्रहाचें स्थान काढावयास आरंभापासून लोटलेले दिवस, म्हणजे अहर्गण, आधीं पाहिजे. कलियुगापासून मोजल्यास तो १५२० सालींच सुमारें १६ लाख ८८ हजार भरत होता. गणेश दैवज्ञांनीं ११ वर्षांचें, म्हणजे ४०१६ दिवसांचें, एक चक्र कल्पिलें. पूर्ण चक्रें बाजूस काढावयाचीं. दर चक्रास ग्रहासाठीं ‘ध्रुव’ म्हणून एक ठराविक संख्या दिलेली, तिला चक्रांच्या संख्येनें गुणावयाचें. आणि उरलेल्या थोड्या दिवसांचें तेवढें गणित करावयाचें. मेख आहे ती येथेंच. ध्रुवांत केसाएवढी चूक राहिली तरी ती दर चक्राला एकदां जमा होते. १८६० सालापर्यंत अशीं ३० चक्रें पुरीं झालीं होतीं. त्याच सालीं, अलिबागजवळच्या नागांवीं जन्मलेल्या केरो लक्ष्मण छत्रे यांनीं युरोपांतील नव्या वेधांवर आधारलेलीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं.

आतां संगणकाकडे वळूं. ‘सी’ ही भाषा डेनिस रिची यांनीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत रचली, आणि १९८९ सालीं तिचें प्रमाण ठरलें. तिच्यासोबत गणिताचा एक आयता संग्रह येतो. त्याला मी आधुनिक करणग्रंथच म्हणतों. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें १९९३ सालीं खुला केलेला असा एक संग्रह प्रसिद्ध आहे. त्यांत साइन काढण्याची रीत पाहावी : दिलेल्या कोनांतून समकोणाच्या पटी काढून टाकून त्याला ४५ अंशांच्या आंत आणावयाचें, आणि मग तेराव्या घातापर्यंतच्या एका लहानशा बहुपदीनें उत्तर काढावयाचें. म्हणजे आधीं चक्रें काढणें, मग सोपी कृति! आणि मेखही तीच. समकोणाचें माप पाय या संख्येवरून येतें, आणि तींत किंचित् उणेपण राहिलें तर तें पटींच्या संख्येनें गुणलें जातें. यासाठीं त्या संग्रहांत २ भागिलें पाय ही संख्या ४७६ दशांश अंकांपर्यंत नोंदून ठेवलेली आहे. एकावर बावीस शून्यें एवढ्या रेडियनांची साइन वजा ०.८५२२ येते, एके काळीं कित्येक यंत्रें याचें उत्तर भलतेंच देत.

१९९९ च्या प्रमाणांत गॅमा आणि त्रुटिफलन यांचीही भर पडली. गॅमा म्हणजे क्रमगुणिताचा अपूर्णांकांपर्यंत केलेला विस्तार. १७० चें क्रमगुणित यंत्राच्या नेहमींच्या मापांत मावतें, १७१ चें मावत नाहीं. म्हणून गॅमाचा लॉगरिथम देणारी निराळी कृति जोडलेली आहे.

तर मग दोष कोणाचा? गणेश दैवज्ञांचा मी मुळींच मानीत नाहीं. त्यांचे वडील केशव दैवज्ञ स्वतः वेध घेत. गणेश दैवज्ञांनीं तर कोणता ग्रह कोणत्या पक्षाचा घेतला, चंद्र ९ कलांनीं कमी कां, शनि ५ अंशांनीं अधिक कां, तें सारें आकाशाशीं ताडून ग्रंथांत सांगितलें. ज्यांनीं कृति उचलली आणि वेध टाकले, त्यांच्या चुका ग्रंथकाराच्या माथीं मारूं नयेत. यंत्राचा संग्रह वापरणारेही असेंच करतात. त्रुटिफलनाची किंमत एकाच्या अगदीं जवळ गेली असतां तिला एकांतून वजा करावयाचें असेल, तर त्यासाठीं संग्रहांत स्वतंत्र फलन आहे. तें सोडून कोणी सरळ वजाबाकी केली, तर सहाच्या ठिकाणीं यंत्र शून्य म्हणतें. खरें उत्तर दशांश चिन्हापुढें सोळा शून्यें देऊन २१५ असें सुरू होतें.