वार्ताचित्राकडून कलाचित्राकडे

वृत्तपत्रांतील छायाचित्राचें आयुष्य एका दिवसाचें. दुसऱ्या दिवशीं त्याच्या पुड्या बांधल्या जातात. आमच्या वऱ्हाडांत, अकोल्यास जन्मलेले सुधारक ओलवे १९८८ पासून वृत्तपत्रांसाठीं छायाचित्रें काढीत आले. परंतु मुंबईच्या सफाई कामगारांची त्यांनीं घेतलेली कृष्णधवल चित्रें प्रदर्शनांत व ग्रंथांत स्थिरावलीं. हें स्थित्यंतर आम्हांस महत्त्वाचें वाटतें. वार्ताचित्रास प्रसंग पुरतो; अशा चित्रांस सहवास लागतो. ज्या माणसाकडे पाहण्याचें नगरवासी टाळतात, त्याच्यासमोर प्रदर्शनांत त्यांस थांबावें लागतें. २०१६ सालीं ओलवे यांस ‘पद्मश्री’ मिळाली. मानवी हातांनीं मैला उपसण्याविरुद्ध १९९३ व २०१३ सालीं कायदे झाले; तरी गटारांत माणसें गुदमरून मरतातच. तेव्हां ह्या चित्रांचें कार्य संपलें, असें आम्हांस म्हणवत नाहीं.