फ्रीव्हील व कॅसेट काढण्याची हत्यारे

* सायकलचे फ्रीव्हील मागच्या हबवर आट्यांनी बसते आणि पॅडल मारताना आणखी घट्ट होत जाते. ते काढताना त्याच्या खाचांत बसणारा रिमूव्हर घालतात, तो निसटू नये म्हणून एक्सलच्या नटाने हलका दाबून धरतात आणि लांब दांड्याच्या पान्याने डावीकडे फिरवतात. पकड सुटताच नट सैल करावा, अन्यथा एक्सलवर ताण येतो. कॅसेटची दातेरी चक्रे मात्र फ्रीहबच्या, म्हणजे हबच्या मोकळ्या फिरणाऱ्या भागाच्या, खाचांवर सरकवलेली असतात व वरून लॉकरिंगने आवळलेली असतात. लॉकरिंग सोडताना फ्रीहबही उलटा फिरतो. म्हणून चेनव्हिपने, म्हणजे साखळीचा तुकडा जोडलेल्या दांड्याने, मोठे चक्र धरून ठेवावे लागते. परत बसवताना आटे पुसून ग्रीस लावावे. लॉकरिंग साधारणपणे ४० न्यूटन-मीटरपर्यंत आवळतात.