कुरुंद : धारेची कुळकथा

नाशिकच्या पायाखाली सगळा काळा पाषाण. पांडवलेणी त्यातच कोरली, घरोघरचे पाटे-वरवंटे आणि जातीही त्याचीच. मऊ लोखंडाचा विळा त्यावर घासला तर काम भागते. पण पाणी पाजलेले पोलाद या दगडाला पुरून उरते. कठीणपणाच्या मोह्‌स मोजपट्टीवर त्यातली मुख्य खनिजे सहाच्या आसपास थांबतात. पुढे गारगोटी सात, कुरुंद नऊ आणि हिरा दहा.

गारगोटी याच पाषाणाच्या पोकळ्यांत सापडते. कुरुंद मात्र दक्षिणेकडच्या, कर्नाटक-तमिळनाडूच्या जुन्या खडकांतला. त्याचा चुरा वितळलेल्या लाखेत कालवून थापला की सहाणेचे चाक तयार होई. शिकलगार अशाच चाकावर पाती पाजळत, जवाहिरे रत्ने घासत. कण बोथट झाला की भोवतालची लाख झिजते, तो गळतो आणि खालचा ताजा कण वर येतो. चाक झिजते म्हणूनच ते कापत राहते. उणीव एकच : जोराने घासले की लाख तापून मऊ पडते. पुढे लाखेच्या जागी माती घेऊन चाके भट्टीत भाजू लागले, तेव्हा ती अडचण सुटली.

पुढे चाकातला कणही माणूस घडवू लागला. 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसनने माती आणि कोक विजेच्या भट्टीत तापवले, तेव्हा चमकदार कठीण स्फटिक हाती आले. हा कार्बन आणि कुरुंदाचा संयोग असावा, असे समजून त्याने नाव दिले कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड निघाले. कुरुंदाचा त्यात अंशही नव्हता, नावात तेवढा राहिला. 1941 मध्ये उरणजवळ मोरा येथे ग्राइंडवेल कंपनीचा कारखाना निघाला आणि घासायची चाके महाराष्ट्रातच बनू लागली. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत आज फिरणारी चाके याच कुळातली.

सगळ्या हत्यारांना मात्र चाक चालत नाही. रामकुंडावर क्षौर करणारा वस्तरा चाकावर धरला तर पातळ धार क्षणात तापते आणि तिचे पाणी उतरते. म्हणून न्हावी तो ओल्या, बारीक कणांच्या पथरीवर घासत आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर फिरवत. पथरी धातू काढते. चामडे धारेवर उरलेली कूस मोडून तिला सरळ करते.

द्राक्षबागायतदारांनीही एप्रिलच्या खरड छाटणीआधी आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीआधी एवढे ध्यानात ठेवावे. कात्रीच्या पात्याला खाच पडली असेल तरच भरड दगड घ्या, एरवी बारीक पुरे. मूळचा उतार मोडू नका, दगड ओला ठेवा आणि कडक पोलादाची कात्री गरगरत्या चाकावर धरू नका. बोथट कात्री काडी कापत नाही, चेंगरते. आणि चेंगरलेली जखम भरायला वेळ लागतो.