भिंत राखीव आहे

"गेरूत सरस घातला नाही, तर पहिल्या पावसात घोषणा गटारात," हे माझ्या आजोबांचं राजकारणातलं सर्वांत ठाम मत. बाकीची मतं काळाप्रमाणे बदलली. हे नाही.

आजोबा लोअर परळच्या एका गिरणीत साचे चालवायचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत २१ नोव्हेंबर १९५५ला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला आणि त्यानंतर गिरणगावात कोरी भिंत शोधून सापडेना, असं ते सांगत. थोडी भर घालत असणारच. शेजारी बसलेली आजी तेवढ्यापुरतं "हं" म्हणायची.

दुसरी पाळी सुटली की चाळीतली चार-सहा माणसं बाहेर पडत. कळीचा चुना आदल्या रात्री भिजवलेला. लाल हवा तर गेरू, काळ्याला काजळी, निळ्यासाठी चुन्यातच नीळ. सरस स्टोव्हवर पातळ करावा लागे आणि त्याला असा काही वास सुटे की आजीने तो स्टोव्ह कायमचा गॅलरीत हलवला. दिवसा सिनेमाची पोस्टरं रंगवणारा एक शेजारी अक्षरं आखायचा. गेरूत बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची, मधोमध उचलून सोडायची. भिंतीवर सरळ रेघ उमटे. तीच शिरोरेघ. तिच्याखाली तो अक्षरं लटकवत जाई, आजोबा काथ्याच्या कुंच्याने ती भरत, आणि एक पोरगा नाक्यावर पोलिसाच्या वाटेकडे डोळे लावून उभा असे.

१९५७च्या निवडणुकीत घोषणांपेक्षा चिन्हं महत्त्वाची ठरली, कारण वाचता न येणाऱ्याचंही मत होतंच. काँग्रेसची बैलजोडी, प्रजासमाजवाद्यांची झोपडी, कम्युनिस्टांचा कणीस-विळा. आजोबांच्या टोळीने एका रात्रीत तीन भिंतींवरच्या बैलांना गाढवाचे कान काढले होते. हा किस्सा सांगताना ते ऐंशीव्या वर्षीही लाजायचे. पुढे पुढे भिंती आधीच धरून ठेवायची रीत पडली : चुन्याचा पट्टा ओढायचा, कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि 'राखीव' एवढंच लिहायचं. कागद नाही, पावती नाही, तरी बहुतेक लोक ते मानत. न मानणाऱ्यांची समजूत कशी घातली जाई, ते आजोबा सांगत नसत.

१८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा आजोबा निवृत्त झाले होते. अडीच लाख कामगारांत माझे वडील होते. त्यांच्या आठवणीत भिंतीपेक्षा नाक्यावरचा वार्ताफलक जास्त आहे. सकाळी एकजण सगळी वर्तमानपत्रं वाचून रंगीत खडूंनी बातम्या लिहायचा. पगार बंद झालेल्या घरांत पहिल्यांदा तुटलं ते पेपरचं बिल, त्यामुळे फळ्यापुढची गर्दी वाढत गेली. हळूहळू गिरण्या बंद पडल्या. निवडणूक आयुक्त शेषन यांच्या कडक आचारसंहितेने आणि १९९५च्या विद्रूपीकरणविरोधी कायद्याने रंगाऱ्यांच्या हातचं कामही आटलं. ज्या कंपाउंडांवर लिहायचं, ती पुढे मॉलसाठी पाडली गेली.

२००९च्या ऑगस्टमध्ये तुळशीपाईप रोडवर, माहीम ते दादर रेल्वेच्या कडेची भिंत लोकांनी रंगवली. 'वॉल प्रोजेक्ट'वाल्यांनी हाक दिली होती, महापालिकेची परवानगी होती, आणि कुणीही येऊन चित्र काढावं असा मामला होता. झाडं, मासे, चेहरे. हौशी हातांचं काम, काही ठिकाणी फारच सुंदर. मला ती भिंत मनापासून आवडली. वडील बघायला आले आणि आधी विचारलं, "पहाऱ्याला कोण?" कुणीच नव्हतं. परवानगी असली की पहारा लागत नाही, हे त्यांना पटेना. काही महिन्यांनी एका माशावर पानाची पिंक दिसली तेव्हा ते जवळजवळ खूश झाले. "आमच्या वेळी कुणाची टाप नव्हती," म्हणाले.

हे मात्र मला पटत नाही. बैलांना रात्रीत कान काढणारी माणसं पिंक टाकायला कशाला कचरली असतील?