वर्धा ते सोल: सबटायटलच्या मागे मागे

मागच्या भागानंतर तुमचे सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले. कोरियन, जपानी, चिनी मालिका सबटायटलसकट नेमक्या बघायच्या कुठे? याचं उत्तर दोन मिनिटांत देता येतं, पण सहा महिन्यांत ते शिळं होतं. का होतं, हे कळायला थोडा इतिहास लागतो. म्हणून आजचा भाग त्यावर.

सुरुवात आपल्याच गावातून करू. जपानी शब्द वर्ध्यात मोबाईलच्या खूप आधी आले. १९३३ मध्ये निचिदात्सु फुजी नावाचे जपानी भिक्षू इथे येऊन गांधीजींना भेटले. त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेत गेला आणि सेवाग्रामात आजही तो म्हटला जातो. अर्थ विचारला तर बरेच जण अडखळतील, पण चाल पाठ आहे. गीताई मंदिराजवळच्या पांढऱ्याशुभ्र विश्वशांती स्तूपापाशी आपण सगळ्यांनी सेल्फी काढलेत, तोही याच फुजी गुरुजींच्या परंपरेतला.

आता टीव्हीकडे. आपल्या आईबाबांच्या पिढीला सबटायटल दाखवलं दूरदर्शनने. रविवारी दुपारी बंगाली नाहीतर मल्याळम सिनेमा लागायचा आणि खाली इंग्रजी ओळी. घरात एकच चॅनल, त्यामुळे कळो न कळो, बघायचा. मग २००६ मध्ये दूरदर्शनवर 'एम्परर ऑफ द सी' ही कोरियन मालिका हिंदीत आली आणि त्याच सुमारास 'ज्वेल इन द पॅलेस', तिचं हिंदी नाव 'घर का चिराग'. राजवाड्यातल्या स्वयंपाकघरातून वैद्य होणाऱ्या मुलीची ती गोष्ट. या मालिका डब केलेल्या होत्या, सबटायटल नव्हतं. वर्ध्याला हिंदी परकी नाही. राष्ट्रभाषा प्रचार समिती १९३६ पासून इथेच आहे. पण माझ्या ओळखीत त्या मालिका आठवणारं कोणी नाही. तेव्हा सगळे सासू-सुनांत अडकले होते.

ईशान्येत मात्र वेगळंच चाललं होतं. मणिपूरमध्ये २००० साली एका भूमिगत संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली. ती रिकामी जागा अरिरंग या कोरियन चॅनलने आणि कोरियन सीडींनी भरून काढली. म्हणजे भारतातलं कोरियन वेड हे नेटफ्लिक्सचं लेकरू नाही. आपल्याकडे ते उशिरा आलं, इतकंच.

२०१४ मध्ये 'जिंदगी' चॅनलवर पाकिस्तानी मालिका आल्या (त्याही आशियाईच की!). त्यांना सबटायटलची गरजच नव्हती. २०१६ मध्ये उरीच्या हल्ल्यानंतर त्या बंद झाल्या. हा धडा लक्षात ठेवा, कारण तो पुन्हा येणार आहे.

आमच्या कॉलेजच्या काळात मालिका पेनड्राइव्हवर फिरायच्या. अधिकृत काहीच नव्हतं, हे कबूल. व्हिडिओची फाईल वेगळी आणि सबटायटलची छोटी एसआरटी फाईल वेगळी. दोन्हींची नावं सारखी नसली की सबटायटल दिसायचं नाही, आणि दिसलं तरी चार सेकंद मागे. रडायच्या जागी हसायचं वाक्य! नेट महाग होतं, एका जीबीला दोन-अडीचशे रुपये. २०१६ च्या जानेवारीत नेटफ्लिक्स भारतात आलं, सप्टेंबरात जिओ आलं. माझ्या मते आपल्यासाठी मोठी घटना दुसरी. पुढे २०१९ मध्ये नेटफ्लिक्सने फक्त मोबाईलसाठीचा १९९ रुपयांचा प्लॅन काढला, २०२१ च्या शेवटी तो १४९ वर आला. मधे लॉकडाऊन. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' नुकतीच संपली होती आणि घराबाहेर पडायची सोय नव्हती.

दारं उघडत होती तशी बंदही होत होती. कोरियन मालिकांसाठीचं ड्रामाफीव्हर २००९ मध्ये सुरू झालं आणि २०१८ च्या ऑक्टोबरात मालक कंपनीने ते अचानक बंद केलं. चिनी मालिका बघणाऱ्यांसाठी वीटीव्ही होतं. नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने ४३ ॲप्सवर बंदी घातली, त्यात तेही गेलं. माझी एक मालिका अशीच पंधराव्या भागावर कायमची अडकली. कुठल्या ॲपवर ते सांगत नाही, पण राग अजून आहे.

आता व्हिकी. २००७ मध्ये सुरू झालं, २०१३ मध्ये राकुतेनने विकत घेतलं. नाव व्हिडिओ आणि विकी यांतून जोडलेलं. सबटायटल बऱ्याच अंशी हौशी लोक करतात. एक जण संवादाचे तुकडे पाडतो, दुसरा भाषांतर करतो, तिसरा तपासतो. भाषेपुढे किती टक्के काम झालं ते दिसतं. इंग्रजीपुढे बहुतेक शंभर. मराठी शोधून बघा, मग बोलू.

हे फक्त अभिमानाचं प्रकरण नाही. इंग्रजी सबटायटलमध्ये अर्धी मालिका गळून जाते. कोरियनमध्ये मोठ्यांशी आणि अनोळखी माणसाशी बोलायची रीत वेगळी, जवळच्याशी वेगळी. नवव्या-दहाव्या भागात नायिका नायकाशी पहिल्यांदा जवळिकीच्या भाषेत बोलते, तो अख्खा प्रसंग त्यावरच उभा असतो. इंग्रजीत दोन्हीकडे 'यू'. मराठीत 'तुम्ही'चं 'तू' झालं की काम झालं. 'जेवलीस का?' असं विचारून काळजी दाखवणं इंग्रजीत विचित्र वाटतं, आपल्याकडे रोजचं आहे. 'ओप्पा' मात्र अवघड. अर्थ दादा, पण प्रियकरालाही तेच म्हणतात. तिथे 'दादा' लिहिलं तर आर्वी नाक्यापर्यंत हशा पिकेल.

माझी आई इंग्रजी ओळी वाचू शकत नाही. डबिंगमध्ये तिला आवाज खोटा वाटतो. म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगतो. परवा एका प्रसंगात मी नुसतं 'तू ये' म्हणालो, तर तिने मालिका थांबवायला लावली. "थे त्याले तू म्हणाले लागली का? कधीपासून?" मागे जाऊन बघितलं. सात मिनिटांआधीच सुरू झालं होतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं, कारण मी इंग्रजी वाचत होतो.

तर आजच्या तारखेचं उत्तर: नेटफ्लिक्स आणि व्हिकीवर सबटायटल, ॲमेझॉन एमएक्स प्लेयरवर हिंदी डब, तेही फुकट. पैसे भरण्याआधी त्या मालिकेच्या पानावर भाषांची यादी उघडून बघा. मी व्हिकीवर खातं काढलंय. पहिल्या भागाची पहिली दहा मिनिटं मराठीत करून बघणार आहे. 'ओप्पा'साठी काही सुचत असेल तर कळवा.